गेस्टला दिलेला शब्द

मध्यंतरी आमच्या टीममध्ये एक पॅच, म्हणजे कोडमधला प्रस्तावित बदल, रिव्ह्यूला आला. हेडर फाइल, म्हणजे बाकीच्या कोडला कुठली फंक्शनं कॉल करता येतात ते सांगणारी, जेमतेम एका स्क्रीनची, चार फंक्शनं, दोन टाइपडेफ, आणि त्याच्यामागे काही शे ओळींची सी फाइल. आमचा स्वतःचा एक छोटा व्हीएमएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम, आहे, लिनक्स कर्नलमधल्या केव्हीएम या सोयीवर चालतो, त्यात आता फर्मवेअरला, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या कोडला, कॉन्फिगरेशन पुरवणारं एमुलेटेड डिव्हाइस हवं होतं, क्यूएमू या एमुलेटरमध्ये ज्याला एफडब्ल्यू सीएफजी म्हणतात तेच, आणि प्रोटोकॉल पण तोच, म्हणजे तयार फर्मवेअर काहीही न बदलता आमच्याकडे बूट व्हायला पाहिजे. लिहिणारा मुलगा टीममध्ये नवा आहे, हुशार आहे, कोड स्वच्छ होता, टेस्ट पास होत होत्या. मी रिव्ह्यूला बसले आणि बराच वेळ हेडरच्या पुढे गेलेच नाही. सी फाइल काय, उद्या कोणीही पुन्हा लिहील, पण हेडरमध्ये काय म्हटलंय आणि काय म्हणायचं राहून गेलंय यावर लोक पुढे कित्येक वर्षं विसंबून राहतात, आणि या डिव्हाइसवर विसंबणारे तर दोन्ही बाजूंना आहेत.

ज्यांचा याच्याशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. खऱ्या मदरबोर्डवरचं फर्मवेअर त्या बोर्डासाठीच बनवलेलं असतं, रॅमचे स्लॉट कुठे, कुठली चिप कुठल्या पत्त्यावर, हे बरंचसं त्याला आधीच माहीत असतं. व्हर्च्युअल मशीनमध्ये बोर्डच दर वेळी कमांड लाइनवर जन्माला येतो, आज दोन सीपीयू आणि चार जीबी, उद्या सोळा सीपीयू आणि चौसष्ट जीबी, आणि फर्मवेअरची बायनरी मात्र तीच, सीबायोस असो की ओव्हीएमएफ, अशी तयार फर्मवेअर. मग त्याला कळणार कसं की आज आपण कुठल्या मशीनमध्ये आहोत? जुन्या पीसीच्या रिवाजाने काही गोष्टी सीमॉसमध्ये, म्हणजे बॅटरीवर टिकणाऱ्या छोट्या मेमरीत, ठेवता येतात, पोर्ट हेक्स ७० आणि ७१, पण ती सगळी मिळून १२८ बाइटची जागा, तिथे बूट ऑर्डर, ऑपरेटिंग सिस्टीमला हार्डवेअरची माहिती देणारी एसीपीआयची टेबलं, एसएमबायोसची टेबलं कुठे मावणार. म्हणून क्यूएमूमध्ये २००८ साली हे वेगळं डिव्हाइस आलं. पोर्ट हेक्स ५१० वर सोळा बिटांचा नंबर लिहायचा, म्हणजे मला ही वस्तू हवी, आणि मग हेक्स ५११ वरून एकेक बाइट वाचत जायचं, ऑफसेट आपोआप पुढे सरकतो. शून्य नंबर निवडला तर क्यू, ई, एम, यू अशी चार अक्षरं मिळतात, त्यावरून फर्मवेअरला कळतं की डिव्हाइस खरंच आहे. एक नंबरला काय काय सपोर्ट आहे त्याचे बिट. हेक्स १९ ला डिरेक्टरी, म्हणजे फाइलींची यादी, आणि फाइलींचे स्वतःचे नंबर हेक्स २० पासून पुढे. मला ही रचना मनापासून आवडते. रॅम अजून नीट ओळखलेली नाही, स्टॅक उभा राहिलेला नाही, अशा अवस्थेतसुद्धा असेंब्लीच्या दोन-चार इन्स्ट्रक्शन्समध्ये हे डिव्हाइस वाचता येतं.

आता दोन बाजू. एक बाजू होस्टची, आमचाच कोड, जो या हेडरमधली फंक्शनं कॉल करून म्हणतो की ही फाइल या नावाने ठेव. दुसरी बाजू गेस्टची, म्हणजे मशीनच्या आत चालणारं फर्मवेअर आणि नंतर ऑपरेटिंग सिस्टीम. होस्टची बाजू आम्ही कधीही बदलू शकतो, फंक्शनचं नाव बदललं तर कंपायलर ओरडेल, आम्ही दहा ठिकाणी दुरुस्त करू, संध्याकाळपर्यंत विषय संपला. गेस्टला जे एकदा दाखवलं ते मात्र मागे घेता येत नाही, कारण ते वाचणारा कोड आमच्या हातात नाही, कुणाच्या तरी डिस्क इमेजमध्ये पाच वर्षांपूर्वीपासून बसलेला आहे आणि त्याच्यापर्यंत आमचा कंपायलर पोचत नाही. म्हणून मी रिव्ह्यूमध्ये पहिलीच कॉमेंट टाकली ती कुठल्याच ओळीवर नव्हती, अख्ख्या फाइलवर होती: हे हेडर वापरून घाईत असलेला माणूस गेस्टच्या बाजूला काय काय मोडू शकतो, त्याची यादी करू आणि ती जितकी छोटी करता येईल तितकी करू. नावं, स्पेसिंग, कॉमेंटची भाषा हे सगळं नंतर.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका पॉइंटरवर. अ‍ॅड फाइल फंक्शनला तीन गोष्टी द्यायच्या, नाव, डेटाचा व्हॉइड पॉइंटर, म्हणजे डेटा मेमरीत कुठे आहे तो पत्ता, आणि साइझ. या पॉइंटरचा मालक कोण, म्हणजे ती मेमरी जपायची आणि शेवटी मोकळी करायची कोणी? हेडर त्याबद्दल मूग गिळून गप्प. मी त्याच सिरीजमधले कॉल शोधले तर तीन कॉलर्सनी तीन वेगळ्या समजुती करून घेतलेल्या. एकाने मॅलॉक करून, म्हणजे मेमरी मागून घेऊन, बफर दिला आणि विसरून गेला, म्हणजे त्याच्या मते मालकी डिव्हाइसकडे गेली. दुसऱ्याने स्टॅटिक टेबलाचा पत्ता दिला, त्याला कशानेच फरक पडत नव्हता. आणि तिसऱ्याने फंक्शनमधल्या लोकल अ‍ॅरेचा पत्ता दिला, त्याच्या मते डिव्हाइस कॉपी करून घेणार. डिव्हाइस प्रत्यक्षात कॉपी करत नव्हतं, नुसता पॉइंटर धरून ठेवत होतं. म्हणजे गेस्ट जेव्हा ती फाइल वाचणार तेव्हा ते फंक्शन कधीच परतलेलं असणार आणि त्या जागेवर स्टॅकवरचं काहीही असणार. टेस्टमध्ये हे सापडलं नाही कारण टेस्ट त्याच फंक्शनमध्ये फाइल टाकून लगेच वाचत होती, तोपर्यंत अ‍ॅरे जिवंत.

क्यूएमूच्या हेडरमध्ये हे स्वच्छ लिहिलेलं आहे, अगदी कॅपिटलमध्ये नकार देऊन, की फाइलचा डेटा फक्त जोडला जातो, कॉपी होत नाही. स्ट्रिंग आणि आकडे टाकायची जी वेगळी फंक्शनं आहेत ती मात्र स्वतःची कॉपी करून ठेवतात. असलेली फाइल बदलायचं एक फंक्शन आहे, ते जुन्या डेटाचा पॉइंटर परत देतं, म्हणजे तो फ्री करायची जबाबदारी कॉल करणाऱ्यावर आली. या सगळ्याला कारणं आहेत. थेट कर्नल बूट करताना अख्खं इनिटआरडी, म्हणजे कर्नलला सुरुवातीला लागणारी फाइलसिस्टीमची इमेज, याच डिव्हाइसमधून जातं, त्याची उगाच दुसरी कॉपी कोण कशाला ठेवेल. आणि एसीपीआयची टेबलं तर फर्मवेअर वाचायला येतं तेव्हा पुन्हा ताजी करावी लागतात, कारण मधल्या काळात फर्मवेअरनेच पीसीआयची काही रजिस्टर्स लावलेली असतात. त्यामुळे कॉपी न करण्यावर माझा आक्षेप नाही. माझा आक्षेप हा की ज्या गोष्टीवर मेमरी सुरक्षित राहते की नाही हे ठरतं ती फक्त कॉमेंटमध्ये असू नये. लोक कॉमेंट वाचत नाहीत असं नाही, पण रात्री उशिरा दुसऱ्या कुठल्यातरी फाइलमधला कॉल बघून तसाच कॉल आपल्याकडे लिहिताना हेडर उघडलं जातच नाही, आणि सीमधला बहुतेक कोड असाच लिहिला जातो.

म्हणून मी सुचवलं की दोन फंक्शनं करू. एकाच्या नावातच कॉपी असेल, ते कॉन्स्ट, म्हणजे न बदलायच्या, डेटाचा पॉइंटर घेईल आणि आत स्वतःची प्रत करेल. दुसऱ्याच्या नावात लिंक असेल, त्याला डेटा मशीन संपेपर्यंत जिवंत ठेवायची अट, आणि ते वापरणाऱ्याला नाव टाइप करतानाच एकदा थांबावं लागेल. तो म्हणाला, "पण मॅडम, मी कॉन्स्ट लावलाय की." लावला होता, पण पॉइंटरला लावला होता, पॉइंटर ज्याच्याकडे बोट दाखवतो त्याला नाही. पॅरामीटर म्हणून आलेला पॉइंटर फंक्शनच्या आत बदलणार नाही या माहितीचा कॉल करणाऱ्याला काहीही उपयोग नसतो, तो पॉइंटर तसाही त्याचीच प्रत असते. त्याला हवं असतं ते हे की माझ्या डेटाला तुम्ही हात लावणार का. कॉन्स्ट पॉइंटरच्या चांदणीच्या (*) डावीकडे की उजवीकडे एवढाच फरक दिसतो, पण डावीकडचा माझ्याशी बोलतो आणि उजवीकडचा फक्त फंक्शन लिहिणाऱ्याशी. हे त्याला पटलं आणि त्याने लगेच बाकीच्या हेडर्समध्ये पण शोधून काढलं, बरीच निघाली.

साइझच्या टाइपवरून मात्र आमची खरी चर्चा झाली. त्याने बत्तीस बिटांचा अनसाइन्ड इंटिजर घेतला होता आणि त्याचं म्हणणं बरोबरच होतं, डिरेक्टरीत साइझची जागा बत्तीस बिटच आहे, मग फंक्शनने पण तेवढंच मागावं, खोटं आश्वासन कशाला. ऐकायला प्रामाणिक वाटतं. पण सीमध्ये चौसष्ट बिटांचा आकडा बत्तीस बिटांच्या पॅरामीटरला दिला तर तो गुपचूप कापला जातो, आणि तो कापला जातो कॉल करणाऱ्याच्या ओळीवर, आमच्या फंक्शनपर्यंत पोचायच्या आधी, त्यामुळे आम्हाला आत तपासायला काही शिल्लकच राहत नाही. चार जीबीपेक्षा थोडी मोठी इमेज कोणी दिली तर डिरेक्टरीत काही केबीची फाइल दिसणार आणि गेस्ट आनंदाने तेवढीच वाचणार. म्हणून साइझ-टी, म्हणजे सीमधला साइझसाठीचाच टाइप, घ्या, आत तपासा, मोठा असेल तर एरर परत द्या. क्यूएमूमध्ये पण साइझ-टीच घेतात आणि आत असर्ट, म्हणजे अट मोडली तर प्रोग्राम तिथेच थांबवणारी तपासणी, लावलेला आहे. आमच्याकडे असर्ट नको कारण फाइल यूझरने दिलेली असू शकते, रिटर्न व्हॅल्यू हवी, आणि ती कोणी न बघता सोडली तर कंपायलरने वॉर्निंग द्यावी असं अ‍ॅट्रिब्यूट पण हवं. तसंच नावाचं, डिरेक्टरीत नावाला ५६ बाइट, त्यात शेवटचा शून्य धरून, म्हणजे हातात ५५ अक्षरं. लांब नाव कापून बसवायचं नाही, नाकारायचं, कारण कापल्यावर दोन वेगळी नावं एकसारखी होऊ शकतात.

मी एररवर इतकी का अडून बसते त्याचं कारण या प्रोटोकॉलमध्येच आहे. पोर्टवरून वाचताना गेस्टला तक्रार करायला जागाच नाही. नसलेला नंबर निवडला, शून्य मिळतं. फाइलच्या शेवटाच्या पुढे वाचत राहिलं, शून्यच मिळत राहतं. फर्मवेअरला वाटतं की टेबल रिकामं आहे, तो आपल्या परीने पुढे जातो आणि मग कुठेतरी भलतीकडेच काळा स्क्रीन येऊन घोडं अडतं, लॉगमध्ये एक अक्षर नाही. अशा बूटच्या मागे मी रात्री घालवलेल्या आहेत, गेस्टचे पोर्ट अ‍ॅक्सेस एकेक ट्रेस करत, आणि शेवटी होस्टच्या बाजूला कोणीतरी सोडून दिलेली रिटर्न व्हॅल्यू सापडते. आत जाऊन कोणी ओरडू शकत नाही, तर बाहेरच, मशीन सुरू व्हायच्या आधीच ओरडलं पाहिजे.

एंडियनचा, म्हणजे आकड्याचा मोठा बाइट आधी (बिग) की लहान बाइट आधी (लिटल) याचा, भाग मी पटकन सांगते कारण तो समजायला अवघड नाही, फक्त लक्षात राहत नाही. डिरेक्टरीतले आकडे बिग एंडियन. सोळा, बत्तीस, चौसष्ट बिटांचे जे सुटे आकडे फाइल म्हणून किंवा नंबरखाली ठेवतात ते क्यूएमूची फंक्शनं लिटल एंडियन करून ठेवतात. डीएमएची, म्हणजे एकेक बाइट न वाचता एकदम मोठा तुकडा मेमरीत हलवायच्या सोयीची, रचना परत बिग एंडियन. सिलेक्टर, म्हणजे हव्या त्या वस्तूचा नंबर, पोर्टवर असेल तर लिटल, आणि आर्मसारख्या मशीनवर मेमरी-मॅप असेल तर बिग. हे कोणी एका दिवसात ठरवलेलं नाही, वर्षानुवर्षं साचत गेलेलं आहे, आणि आता त्यातला एक बाइट इकडचा तिकडे करता येणार नाही. आमच्या हेडरमध्ये आकडा ठेवायचं फंक्शनच नव्हतं, जो तो आपला आकडा पॉइंटर आणि साइझ चार असं करून देणार होता, म्हणजे एक्स८६ च्या होस्टवर योगायोगाने बरोबर. मी म्हटलं, आकड्यांची तीन फंक्शनं घाल आणि बाइट फिरवायचं काम आत कर, कॉलरला हा विचार करायलाच लावू नकोस.

आता क्रमाची गोष्ट, जी मला या अख्ख्या पॅचमधली सगळ्यात महत्त्वाची वाटली आणि जी हेडरमध्ये कुठे दिसतच नाही. फाइलला नंबर कोण देतं? प्रस्तावित कोडमध्ये जी फाइल आधी आली तिला आधीचा नंबर. साधं, सरळ. तो म्हणाला, "गेस्ट तर नावाने शोधतो ना, नंबर बदलला तर काय बिघडलं?" प्रश्न रास्त आहे, आणि एकाच होस्टवर एकाच बूटमध्ये उत्तर असं की काहीच बिघडत नाही. पण चालू मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवली, म्हणजे लाइव्ह मायग्रेशन, तर गेस्टने डिरेक्टरी इकडे वाचलेली असते आणि फाइल निवडतो तिकडे. लिनक्समधला याचा ड्रायव्हर, जो २०१६ मध्ये ४.६ कर्नलबरोबर आला, तो लोड होताना एकदाच डिरेक्टरी वाचतो, प्रत्येक फाइलचा नंबर लक्षात ठेवतो आणि सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतं तिथे, नावानुसार मांडून दाखवतो. आता नव्या होस्टवर आमच्या व्हीएमएमचं पुढचं व्हर्जन आहे, त्यात कोणीतरी इनिशियलायझेशनचा क्रम बदलला, कोड नीटनेटका करायच्या चांगल्या हेतूनेच बदलला, तर त्याच नंबरला आता दुसरी फाइल. गेस्टमधला रूट यूझर एक नाव वाचतो आणि त्याला भलत्याच फाइलचे बाइट मिळतात, साइझ मात्र जुनीच.

क्यूएमूला हा प्रश्न आलाच, आणि त्यांनी तो सोडवला तो बघण्यासारखा आहे. २.६ व्हर्जनपासून फाइली नावाच्या क्रमाने लावतात, म्हणजे कोडमध्ये कोण आधी आलं याला अर्थ राहत नाही. पण जुन्या मशीन टाइपसाठी, म्हणजे गेस्टला जुन्या व्हर्जनची मशीन जशीच्या तशी दाखवणाऱ्या पर्यायांसाठी, २.५ आणि त्याआधीच्या, जुना क्रम जसाच्या तसा जपून ठेवला, त्यासाठी वेगळा फ्लॅग आणि वेगळी टेबल. तसंच फाइलींच्या जागा आधी १६ होत्या, २.९ मध्ये ३२ झाल्या, आणि जुन्या मशीन टाइपला १६ च ठेवल्या. डीएमए २.५ मध्ये आलं, २०१५ च्या शेवटी, जुन्यांना ते बंद ठेवलं. हे मी त्याला दाखवलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला की म्हणजे आपण आज जो क्रम ठरवू तो आपल्याला पण असाच जपत बसावा लागणार. हो. म्हणूनच आज ठरवायचा, मर्ज व्हायच्या, म्हणजे मुख्य कोडमध्ये जायच्या, आधी, आणि नावाच्या क्रमाने लावायचा. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या बीहाइव्ह या व्हीएमएममध्ये जेव्हा हेच डिव्हाइस लिहिलं तेव्हा त्यांनी पण फाइल टाकतानाच तिची जागा नावावरून शोधलेली आहे.

बीहाइव्हची गोष्ट आणखी एका कारणासाठी त्याला सांगितली. त्यांच्याकडे आधी स्वतःचा वेगळा प्रोटोकॉल होता, त्याच ५१० आणि ५११ पोर्टवर, पण सही म्हणून बी, एच, वाय, व्ही ही अक्षरं. नंतर क्यूएमूचा प्रोटोकॉल घेतला, आणि कुठला हवा ते बूट रॉमच्या सेटिंगमध्ये निवडता येतं. आमच्या पॅचमध्ये सहीची चार अक्षरं आमच्या प्रॉडक्टची टाकलेली होती. मला त्याची भावना समजते, आपण लिहिलेल्या डिव्हाइसने दुसऱ्याचं नाव का सांगावं. पण लिनक्सचा ड्रायव्हर नेमकी तीच क्यूएमूची चार अक्षरं तपासतो, नाही जुळली तर डिव्हाइस नाहीच असं समजतो. त्या चार बाइटांचा अर्थ आता मशीन कुठला हायपरवायझर चालवतोय असा राहिलेलाच नाही, मी हा प्रोटोकॉल बोलतो एवढाच उरलाय. फाइलींच्या नावांचंही तेच. यूझरने आपल्या फाइली ओपीटी या प्रीफिक्सखाली आणि पुढे आपल्या डोमेनचं नाव उलटं लिहून ठेवाव्यात असा संकेत आहे, त्याप्रमाणे कोअरओएस कंपनीच्या इग्निशनने, म्हणजे पहिल्या बूटला मशीन सेट करणाऱ्या प्रोग्रामने, आपलं कॉन्फिगरेशन त्यांच्या डोमेनच्या नावाने ठेवलं. २०१८ मध्ये ती कंपनी रेड हॅटने घेतली, पण फेडोरा कोअरओएस आजही बूट होताना त्याच जुन्या नावाची फाइल शोधतं. नाव देताना कोणाला वाटलं असेल का की हे कंपनीपेक्षा जास्त टिकेल.

सुरक्षेबद्दल मी हेडरमध्ये फक्त एक वाक्य मागितलं, सिलेक्टर आणि ऑफसेट हे गेस्टकडून येतात आणि गेस्ट शत्रू असू शकतो. क्यूएमूमध्ये २.४ च्या आधी याच डिव्हाइसच्या वाचायच्या आणि लिहायच्या फंक्शनमध्ये चालू नोंद वैध आहे का हे नीट तपासलेलं नव्हतं, गेस्टमधला पुरेसे अधिकार असलेला प्रोसेस वेडावाकडा नंबर निवडून अ‍ॅरेच्या बाहेर जाऊ शकत होता, आणि बाहेर म्हणजे होस्टच्या प्रोसेसच्या मेमरीत. सुरक्षेच्या त्रुटींच्या सार्वजनिक यादीत त्याला सीव्हीई-२०१६-१७१४ असा नंबर आहे. पोर्टवरून लिहायची सोय तर त्यांनी २.४ पासून काढूनच टाकली. आमच्या कोडमध्ये तपासणी होती, पण ती वाचायच्या फंक्शनमध्ये होती, मी ती निवडायच्या फंक्शनमध्ये हलवायला सांगितली. निवडतानाच चुकीचा नंबर असेल तर चालू नोंद नल, म्हणजे कुठलीच नाही, आणि पुढे सगळीकडे नल म्हणजे शून्य बाइट. अवैध अवस्था मुळात साठवूच नये, मग ती प्रत्येक ठिकाणी पुन्हा ओळखायची आठवण ठेवावी लागत नाही.

कॉलबॅकवर पण असंच बोलणं झालं. फाइल वाचली जाताना बोलवायचं फंक्शन देता येत होतं, पण वाचली जाताना म्हणजे नेमकं कधी? त्याच्या कोडमध्ये प्रत्येक बाइटला. क्यूएमूमध्ये सुरुवातीला तसंच होतं, नंतर बदलून निवडीच्या वेळी एकदाच केलं. बाइटमागे एकदा बोलवलं तर अर्ध्या वाचनात डेटा बदलायची मुभा राहते, गेस्टला पहिली निम्मी टेबलं जुनी आणि उरलेली नवी मिळू शकतात, आणि चेकसम, म्हणजे बाइट बरोबर आहेत का ते तपासायची बेरीज, जुळत नाही. शिवाय डीएमएने एकदम चार केबी वाचले तर कॉलबॅक चार हजार वेळा का एकदा, याला उत्तरच नाही. निवडीच्या वेळी एकदा, हा नियम टाइपडेफच्या नावातच घातला.

काही गोष्टी मी काढायला लावल्या. फाइल काढून टाकायचं एक फंक्शन होतं, त्याला वापरणारं कोणी नव्हतं, नुसतं पूर्णत्वासाठी लिहिलेलं. गेस्टने डिरेक्टरी वाचून झाल्यावर फाइल काढली तर त्या नंबरचं काय करायचं, रिकामा ठेवायचा की पुढच्याला द्यायचा, काहीही केलं तरी कुणाचा तरी विश्वास मोडतो. म्हणून काढलं. त्याऐवजी एक सील करायचं फंक्शन आलं, मशीन सुरू व्हायच्या क्षणी ते बोलवायचं, तेव्हाच क्रम लावला जातो, नंबर वाटले जातात, आणि त्यानंतर नवी फाइल टाकली की एरर. ग्लोबल व्हेरिएबल काढून प्रत्येक कॉलला त्या त्या डिव्हाइसचं हँडल पास करायला सांगितलं त्यावर त्याने थोडी कुरकुर केली, एका प्रोसेसमध्ये एकच मशीन असते मग कशाला, पण टेस्टमध्ये दोन डिव्हाइस शेजारी उभी करून त्यांच्या डिरेक्टरी ताडून बघता येतात हे कळल्यावर त्याने स्वतःच उलट्या सुलट्या क्रमाने फाइली टाकणारी टेस्ट लिहिली. ती टेस्ट बघून मला फार बरं वाटलं, कारण ती मी मागितलेली नव्हती.

रिव्ह्यूचा हा प्रकार किती जणांना कंटाळवाणा वाटतो ते मला माहीत आहे, चार फंक्शनांच्या हेडरवर एवढ्या कॉमेंट. पण सिस्टीम्सच्या कामात मला याच्याइतकं जिव्हाळ्याचं दुसरं काही वाटत नाही. जो माणूस हे फंक्शन तीन वर्षांनी कॉल करणार आहे त्याला मी ओळखत नाही, तो मला विचारायला येणार नाही, कदाचित मी त्या टीममध्ये नसेन. त्याच्या वतीने आज भांडायची जागा हीच आहे, मर्ज व्हायच्या आधीची. आणि त्याच्याही पलीकडे ते गेस्टमधलं फर्मवेअर, ज्याला आम्ही दिलेल्या बाइटांवर विश्वास ठेवण्यापलीकडे दुसरा काही मार्गच नाही.

हेडर आता मर्ज झालंय, फंक्शनं आठ झाली, कॉमेंट कमी झाल्या. पुढच्या पॅचमध्ये डीएमए येतंय आणि त्याच्याबरोबर गेस्टने फाइलमध्ये लिहिण्याची सोय, जी क्यूएमूमध्ये २.९ पासून फक्त डीएमएमधून आहे. ती कशाला लागते याचं चांगलं उदाहरण व्हीएम जनरेशन आयडीचं, म्हणजे मशीनची प्रत काढली किंवा ती जुन्या स्नॅपशॉटवर नेली हे गेस्टला कळवणाऱ्या आयडीचं, फर्मवेअर तो आयडी गेस्टच्या मेमरीत कुठेतरी ठेवतं आणि कुठे ठेवला तो पत्ता एका छोट्या फाइलमध्ये लिहून होस्टला कळवतं. म्हणजे आत्तापर्यंत फक्त होस्टचा असलेला डेटा आता गेस्ट बदलणार, लिंक केलेला बफर कॉन्स्ट राहणार नाही, वेगळं फंक्शन लागेल. त्याने ड्राफ्ट पाठवलाय, मी अजून उघडलेला नाही, पण पहिले दोन प्रश्न लिहून ठेवलेत: मशीन रीसेट झाली की गेस्टने लिहिलेला तो जुना पत्ता कोण पुसणार, आणि मायग्रेशनमध्ये ते बाइट कुठल्या स्टेटबरोबर जाणार.